रुग्ण सर्चमध्ये काय लिहितो?

जुलै महिन्यातली पहाट. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला बारा वर्षांचा मुलगा उठतो आणि पोटात दुखते म्हणतो. थोड्या वेळाने त्याला उलटी होते. पापण्या जड झाल्या आहेत, उघडतच नाहीत, असे तो सांगतो. अंगावर जखम दिसत नाही, सूजही नाही. आई-वडिलांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले असेल. मोठी बहीण मोबाइल घेते आणि लिहिते, ‘पोटात दुखते, पापण्या उघडत नाहीत’.

पावसाळ्यात ग्रामीण भागातल्या डॉक्टरांना हे चित्र नवीन नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचे दात बारीक असतात. चावल्याच्या जागी वेदना किंवा सूज फारशी होत नाही. मात्र काही तासांत पापण्या मिटू लागतात, घास गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सापाच्या विषावरचे इंजेक्शन, ज्याला डॉक्टर एएसव्ही म्हणतात, आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास वेळेत मिळाला, तर असा रुग्ण बरा होऊन घरी जातो. वेळ गेली तर नाही.

त्या मुलीच्या मोबाइलवर सर्वांत वर काय येते, ‘अपचनावर घरगुती उपाय’ की ‘हा मण्यारीचा दंश असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा’, यावर पुढचे दोन तास अवलंबून असतात. ही गोष्ट लहान नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. उपचार माहीत आहे, औषध सरकारी रुग्णालयात मोफत आहे. तरीही माणूस उशिरा पोहोचतो. उशिराच्या कारणांत अंतर आहे, रस्ते आहेत, मांत्रिक आहे आणि आता मोबाइलवर दिसलेले पहिले उत्तरही आहे.

म्हणून आरोग्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो, आरोग्य विभाग असो की स्वयंसेवी संस्था, एक प्रश्न टाळता येत नाही. योग्य माहिती पहिल्या पानावर यावी यासाठी ती कशी लिहायची?

यंत्र वाचते कसे?

सर्च इंजिनचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचे स्वयंचलित प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुवे पकडत फिरतात. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांवरच्या शब्दांची सूची बनते. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी ‘हा शब्द अमुक पानावर’ अशी सूची असते, तशीच ही. फक्त पुस्तक सगळ्या जगाचे. तिसरा टप्पा क्रमवारीचा. आपण काही विचारले की यंत्र त्या क्षणी सगळे जग धुंडाळत नाही. ते आपली सूची उघडते आणि कोणते पान वर ठेवायचे ते ठरवते.

या क्रमवारीमागच्या दोन जुन्या कल्पना आजही उपयोगी आहेत. पहिली केंब्रिजच्या संगणकतज्ज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. जो शब्द सगळ्याच लेखांत आढळतो, तो लेख ओळखायला निरुपयोगी. जो मोजक्याच लेखांत आढळतो, तो मोलाचा. ‘रुग्ण’, ‘उपचार’, ‘काळजी’ हे शब्द प्रत्येक आरोग्यलेखात असतात. ‘फुरसे’ किंवा ‘मण्यार’ हा शब्द मात्र लेख नेमका कशाबद्दल आहे ते सांगतो. दुसरी कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी मांडले की एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात यावरून त्याचे वजन ठरवावे. वैद्यकात ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर चांगले संशोधक करतात, त्याला मान मिळतो. तोच न्याय त्यांनी वेबपानांना लावला. गुगलचा पाया या कल्पनेवर रचला गेला.

क्लृप्त्यांचा काळ

नियम कळला की पळवाट निघते. एका पानावर ‘मधुमेह उपाय’ हे शब्द पन्नास वेळा कोंबणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लपवणे, पैसे देऊन शेकडो फालतू साइटवरून दुवे मिळवणे, असे प्रकार बोकाळले. थोडासा मजकूर इकडून तिकडून उचलून रोज शेकडो लेख पाडणारे कारखाने उभे राहिले. त्यांत आरोग्यावरचे लेखही होतेच, कारण आजारी माणूस शोधतोच आणि शोधणाऱ्याला जाहिरात दाखवता येते.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने अशा पोकळ मजकुराला खाली ढकलणारा बदल केला. ‘पांडा’ नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्याने बदलले, असे कंपनीनेच सांगितले होते. एप्रिल २०१२ मधल्या ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांवर घाव घातला. ऑगस्ट २०१८ मध्ये क्रमवारीत आणखी एक मोठा बदल झाला. त्यात आरोग्यविषयक साइट इतक्या वर-खाली झाल्या की या क्षेत्रातल्या लोकांनी त्याला ‘मेडिक’ हेच नाव दिले.

क्रमवारीचा दर्जा तपासण्यासाठी गुगल माणसांनाही नेमते. त्यांच्यासाठीची मार्गदर्शिका सर्वांना वाचायला खुली आहे. ज्या माहितीने माणसाचे पैसे किंवा जीव धोक्यात येऊ शकतो, तिला त्यात वेगळा, कडक निकष लावला आहे. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या चार गोष्टी पाहाव्यात, असे ती सांगते. त्यातला ‘अनुभव’ डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. हे परीक्षक एखादे पान स्वतः वर-खाली करत नाहीत. यंत्राचे काम नीट चालले आहे का, हे त्यांच्या गुणांवरून कळते.

याचा अर्थ सोपा आहे. गेल्या पंधरा वर्षांत क्लृप्त्या कमी कमी चालू लागल्या आहेत आणि चांगले लिहिण्याला अधिक भाव आला आहे. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे व्यावसायिक दवाखान्यांना फोन करतात तेव्हा हे आठवावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवले आहे.

आजाराचे नाव आणि रुग्णाचे शब्द

डॉक्टरांनी लिहिलेले बरेच लेख रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत, याचे पहिले कारण शब्द. डॉक्टर ‘यकृतदाह’ लिहितात, रुग्ण ‘कावीळ’ शोधतो. डॉक्टर ‘मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग’ म्हणतात, बाई ‘लघवीला जळजळ’ लिहिते. ‘अपस्मार’ शोधणारा विरळाच. लोक ‘फिट’, ‘आकडी’, ‘फेफरे’ किंवा ‘मिरगी’ शोधतात. मण्यारीला कुठे मणेर म्हणतात, कोकणात कांडर. अनेकजण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करतात.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी ओपीडीत आठवडाभर कान देऊन ऐकावे. रुग्ण दारातून आत येऊन पहिले वाक्य काय बोलतो, ते वहीत टिपावे. ‘चालले की धाप लागते’, ‘पायाला मुंग्या येतात’, ‘बाळ दूध ओढत नाही’. हीच वाक्ये तो रात्री मोबाइलवर लिहितो. लेखाचे शीर्षक आणि पोटशीर्षके या वाक्यांतून यावीत. शास्त्रीय नाव एकदा सांगून पुढे रुग्णाच्याच शब्दांत बोलावे.

याचा अर्थ तोच शब्द दहादा कोंबावा असा नाही. आताची यंत्रे शब्दांचा परस्परसंबंधही बऱ्याच अंशी ओळखतात. गुगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ७० हून अधिक भाषांसाठी अशी पद्धत वापरायला सुरुवात केली. ‘पोटदुखीवर गोळी’ आणि ‘गोळीमुळे पोटदुखी’ यांत शब्द जवळपास तेच, पण पहिल्याला औषध हवे आहे आणि दुसऱ्याला औषधाचा त्रास होतो आहे. हा फरक यंत्राला कळावा, म्हणून वाक्य पूर्ण आणि सरळ लिहावे.

एका पानावर एकच प्रश्न घ्यावा. ‘सर्पदंश : संपूर्ण माहिती’ या एका लांबलचक लेखापेक्षा ‘साप चावला तर लगेच काय करावे’, ‘मण्यार चावल्याची लक्षणे’, ‘एएसव्ही इंजेक्शन कुठे मिळते’ अशी तीन छोटी पाने अधिक उपयोगी पडतात. आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत यावे. सापांच्या जातींचा इतिहास आणि प्रस्तावना नंतर. घाबरलेला माणूस तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचत नाही.

एका ‘नका’ची किंमत

ऑक्टोबर २०२१ मध्ये एक प्रकार जगभर चर्चिला गेला. फिट आल्यावर काय करावे, असे इंग्रजीत शोधणाऱ्याला गुगल सर्वांत वर एका चौकटीत उत्तर दाखवत होते. त्यात रुग्णाला दाबून धरणे, तोंडात काहीतरी घालणे असे मुद्दे होते. हे सारे धोक्याचे आहे. ज्या विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या पानावरून हे मुद्दे उचलले होते, त्या पानावर ते ‘काय करू नये’ या शीर्षकाखाली बरोबरच लिहिले होते. यंत्राने मुद्दे उचलले, शीर्षक मागे राहिले.

चूक यंत्राची होती, पण लिहिणाऱ्याने त्यातून शिकावे. लेख आता पूर्ण वाचला जाईलच असे नाही. त्याचे तुकडे होतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. पानाचा कोणता तुकडा उचलला जाईल, ते आपल्या हातात नाही. तुकडा कसा असावा, ते आपल्या हातात आहे.

‘काय करू नये’ असे शीर्षक देऊन खाली ‘१. दोरी बांधणे, २. चीर देणे, ३. विष तोंडाने ओढणे’ असे लिहिले, तर शीर्षक गळताच तो विषाचा सल्ला होतो. त्याऐवजी प्रत्येक वाक्य आपल्या पायावर उभे राहील असे लिहावे. ‘साप चावल्यावर दोरी घट्ट बांधू नका. जखमेला चीर देऊ नका. विष तोंडाने ओढू नका. बर्फ लावू नका.’ आणि करायच्या गोष्टीही तशाच. ‘साप चावल्याची नुसती शंका असली तरी लगेच रुग्णालयात जा. १०८ क्रमांकावर फोन करा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढून ठेवा. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका.’

फिट येणाऱ्यासाठीही हेच. ‘तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. रुग्णाला कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर ताबडतोब रुग्णालयात न्या.’ प्रत्येक वाक्य एकटे वाचले तरी अर्थ बदलत नाही.

चित्रात अडकलेली मराठी

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. अनेक कार्यालयांत आजही श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर तसाच साइटवर चढतो. डोळ्यांना ती मराठी दिसते. यंत्राला मात्र आत रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच तो सूचीत नीट नोंदला जातो.

दुसरा प्रकार पोस्टरचा. उष्माघात, डेंग्यू, लेप्टो यांवर छान रंगीत पोस्टर निघतात, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि संपतात. चित्रातली अक्षरे किंवा शिक्का मारून स्कॅन केलेले परिपत्रक यंत्र बरोबर वाचेल याचा भरवसा नसतो. पोस्टर जरूर करावे, पण तोच मजकूर शेजारी साध्या अक्षरांतही द्यावा. पान हलके असावे. गावाकडे एखाद्याच काडीच्या नेटवर्कवर उघडत नसेल, तर ते पान नसल्यात जमा.

आणि नाव. लेख कोणी लिहिला, त्याचे शिक्षण काय, तो कुठे काम करतो, लेख शेवटचा कधी तपासला, हे पानावर असावे. सरकारी साइटवर बहुधा तारीख असते ती पान चढवल्याची. मजकूर तपासल्याची नसते. औषधांचे सल्ले बदलतात. पाच वर्षांपूर्वीचा लेख वाचकाला आजचा वाटू नये. गावच्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या साइटने अशा पानाचा दुवा दिला, तर तो कुठल्याही विकतच्या दुव्यापेक्षा खरा.

पोकळी कोण भरते?

मायक्रोसॉफ्टमधील मायकेल गोलेबिएव्स्की यांनी २०१८ मध्ये एक संकल्पना मांडली. काही प्रश्नांवर चांगली माहिती फारशी लिहिलेलीच नसते. तिथे पोकळी तयार होते आणि ज्याला काही विकायचे किंवा पसरवायचे असते, तो ती भरतो. नवजात बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मतःच व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन देतात. डॉक्टरांच्या दृष्टीने हा निकालात निघालेला विषय, म्हणून त्यावर कोणी फारसे लिहीत नाही. विरोध करणारे मात्र भरपूर लिहितात. परिणामी शंका घेऊन शोधणाऱ्या आईला आधी विरोधकच भेटतात.

इंग्रजीत अशा पोकळ्या तुरळक आहेत. मराठीत त्या जागोजागी सापडतात. कावीळ हेच उदाहरण. कावीळ हा आजार नव्हे, लक्षण आहे. ती दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूची असू शकते, पित्ताच्या खड्याची असू शकते, पावसाळ्यात लेप्टोची असू शकते. गरोदर बाईला हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ झाली, तर जिवावर बेतू शकते. हे सोप्या मराठीत, ‘कावीळ’ याच शब्दाखाली लिहिलेले नसेल, तर हातावर चुन्याचे पाणी ओतून ‘कावीळ उतरवणाऱ्या’चा पत्ता आधी सापडणार. मधुमेह, कर्करोग यांसह ५४ आजार व अवस्थांवर खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या ‘औषधे आणि जादुई उपाय’ कायद्याने बंदी आहे. पण कायदा पोकळी भरत नाही. ती लिहूनच भरावी लागते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून माणसे वाचवली आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. कोकणातल्या एका डॉक्टरने तिथल्या रुग्णांच्या खाटेशी बसून टिपलेले ज्ञान त्यामुळे जगातल्या डॉक्टरांना मिळाले. ‘विंचू चावला, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या होतात’ ही धोक्याची खूण घरातल्या माणसाला कळायची, तर तेच ज्ञान त्याच्या भाषेत आणि त्याच्या शब्दांत हवे.

वाचणाऱ्यासाठी

पहिले आले म्हणजे खरे, असे नाही. क्रमवारी लोकांच्या शोधण्याची, दुव्यांची आणि शब्दांची असते. ती रुग्ण तपासत नाही. तेव्हा वाचताना एवढे पाहावे :

• निकालावर ‘प्रायोजित’ असे लिहिले असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे.

• लेखकाचे नाव, शिक्षण आणि लेख तपासल्याची तारीख नसेल, तर दुसरे पान उघडावे.

• ‘शंभर टक्के खात्री’, ‘सात दिवसांत मुळापासून’ असे शब्द दिसले की ते पान बंद करावे.

• पान शेवटी कुठले औषध विकते आहे का, ते पाहावे.

• चौकटीतले उत्तर किंवा सारांश वाचून थांबू नये. मूळ पान उघडून ‘करा’ आणि ‘करू नका’ तपासावे.

• श्वासाला त्रास, छातीत दुखणे, बेशुद्धी, फिट, पापण्या मिटणे, गरोदरपणात रक्तस्राव, यांत शोधत बसू नये. आधी १०८, मग बाकीचे.

पहाटे मोबाइल हातात घेतलेल्या त्या मुलीला ‘सर्पदंश’ हा शब्द सुचणार नाही, कारण तिने साप पाहिलेलाच नाही. ती लिहील तेच, जे तिला दिसते आहे. ‘झोपेतून उठल्यावर पोटात दुखते आणि पापण्या उघडत नाहीत : हा मण्यारीचा दंश असू शकतो’ असे शीर्षक असलेले एक पान, साध्या मराठीत, साध्या अक्षरांत, कोणा डॉक्टरने आपल्या नावानिशी लिहून ठेवलेले असेल, तर तिचा भाऊ उजाडायच्या आत रुग्णालयात पोहोचू शकतो. असे पान लिहायला डॉक्टरला एक दुपार पुरते.